दोघांची जमीन

राहील, तो टीव्ही बंद कर आधी. आणि उबेद, हसायचं असेल तर आपल्या रूमवर जाऊन हस. सिराज माझा गाववाला, एका ताटात जेवलोय आम्ही. थापा मारणारा माणूस नव्हे तो.

चौऱ्याण्णव साल. ऑगस्टमधली गुरुवारची रात्र, साडेअकराचा सुमार. सिराज जुफैरला एका बिल्डिंगीत वॉचमन होता. पाचव्या मजल्यावरची रशियन मॅडम दुसऱ्या दिवशी बहरीन सोडून चालली होती. तिची एक मोठी तसबीर खाली स्टोअरमध्ये नेऊन ठेवायची, एवढंच काम.

तसबीर कुणा जुन्या रशियन राजपुत्राची. आठ-नऊशे वर्षांपूर्वीचा म्हणे. बाप मेला नि चुलत्याने गादी बळकावली. याला धरून लांब एका बेटावर टाकला. सुटला, फौज जमवली, पुन्हा पुन्हा चालून गेला. पण बापाचं शहर काही मिळालं नाही. वेशीबाहेरच बर्फात मेला. मॅडमने हे सांगितलं तेव्हा सिराज रडला. रडणारच की! त्याच्या अब्बांची नारळाची वाडी चुलत्याने अशीच दाबली होती. आणि हा इथे बहरीनच्या बेटावर अडकलेला. पासपोर्ट कंपनीकडे, लीव्ह मफी, सुट्टीच नाही. वर चुलत्याने हक्कसोडपत्र पाठवलेलं, "सही कर आणि सुखी राहा." पहाटेच्या विमानाने एक गाववाला जाणार होता, त्याच्या हाती ते द्यायचं होतं. कागद खिशातच होता.

तर तसबीर आत घेतली, लिफ्ट निघाली... आणि मधेच थांबली. लाईट गेली. पंखा बंद.

सिराजने दार बडवलं, हाका मारल्या. कोणी येईना. घामाने निथळला बिचारा. मनात आलं, खलास, नकोच ही कटकट! पेन काढलं. कागद गुडघ्यावर धरला. अंधारातच सही करायला गेला...

कुणीतरी मनगट धरलं.

गार. बर्फासारखा पंजा.

"कोण आहे?"

...

ओढलं. सुटेना. सरकायला जागा नाही. पाठीला तसबिरीची चौकट... आणि हात तिकडूनच आलेला.

"सोड! नाही करत सही!"

नाही सोडलं.

मग भीतीने बोलून गेला तो. "अल्लाची कसम, सोड! माझी जमीन सोडवीन. तुझीपण सोडवीन!"

हात सुटला. लाईट आली.

कागद त्याने तिथेच फाडला. पुढे कसाबसा गावी गेला, कोर्टात भांडला. गेल्या महिन्यात निकाल लागला, वाडी सिराजची झाली. परवा त्याचा फोन आला. मी म्हटलं, "मुबारक हो रे! नारळ पाठव."

तो हळू बोलला. "गनीभाय, मनगटावर ती पाच बोटं अजून आहेत. मे महिन्यात पण गार. माझी तर सोडवली. त्याची कुठून सोडवू?"

तो पुढे म्हणाला,

"आणि गनीभाय... निकाल लागला त्या रात्रीपासून ती आवळतायत."