एरियलशिवाय

ऐकायचंच असेल तर सांगतो, पण मध्ये हसू नका.

१९६१च्या वैशाखात मी अमरावतीहून अकोल्याला निघालो होतो. जीप मिलिटरीच्या लिलावातली, तिच्यात मीच जुळवलेला रेडिओसंच आणि मागे आठ फुटी एरियल. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला, असं हेमचंद्र म्हणायचा. तो अकोल्यात वकील, माझा मित्र, माझ्यासारखाच परवाना काढलेला हौशी रेडिओवाला. मी वाटेत थांबून बोलायचो. तो घरच्या संचावर ऐकून माझा आवाज नऊपैकी कितीवर आला ते सांगायचा. आखूड एरियल, कोरडी जमीन; सातच्या पुढे आम्ही कधी गेलो नव्हतो.

त्या दिवशी ऐकायला कोणीच नव्हतं. हेमचंद्र इस्पितळात, त्याचा संच घरी कुलपात. 'लवकर या,' असा सिंधूवहिनींचा निरोप होता. तरी मी बडनेऱ्याला थांबलो, आवाज लांब जावा म्हणून एरियलच्या कॉइलचा एक वेढा कमी केला, हाक दिली. मूर्तिजापुरात पुन्हा तेच. सवय वगैरे काही नाही हो. त्याला मरताना बघायची माझी छाती नव्हती, म्हणून मी वेळ काढत होतो.

मूर्तिजापूरच्या पुढे रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बाभळीच्या फांदीत अडकून एरियल बुडापासून मोडली आणि नालीत पडली. मी इंजिन बंद केलं. तापलेल्या पत्र्याची कटकट तेवढी ऐकू येत होती. संच चालूच होता. एरियलशिवाय आवाज शेजारच्या शेतातही पोचत नाही, हे ठाऊक होतं, म्हणूनच माइक उचलला.

"हेमचंद्रा... मले भेव वाटून राहिलं रे. येववत नाही मले..."

आणि ढसाढसा रडलो. तेव्हा सव्वातीन झाले होते.

इस्पितळात पोचलो तर सारं आटोपलं होतं. वहिनी व्हरांड्यात बसल्या होत्या.

"साडेतीनले गेले," त्या म्हणाल्या. "सकाळपासून नुसते आकडे बोलून राहिले होते, भाऊजी. मले वाटलं, वात झाला."

"कोणते आकडे?"

"बारा वाजता पाच म्हणले. दोनले सहा."

बारा वाजता मी बडनेऱ्याला होतो. दोनला मूर्तिजापुरात.

"मग सव्वातीनले एकदम डोळे उघडले. म्हणले, नऊ... आता साफ येऊन राहिला." वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. "अन् म्हणले, त्याले येववत नाही. तिथंच थांब म्हणा त्याले, मीच जातो... भाऊजी, तुमी कुठं थांबले होते?"

रडून झाल्यावर मी लगेच गाडी सुरू केली होती. साडेतीनला त्या बाभळीखाली कोणीच नव्हतं.

आता दर वैशाखात तिथे जाऊन बसतो. साडेतीनला संच लावतो, एरियल न जोडता. येणारा आवाज मोजणारी संचावरची सुई हळूहळू चढत नऊवर जाते आणि थांबते. बोलत मात्र कोणी नाही.