बारा नंबरची कडी

शुक्रवार, ११ एप्रिल २०२५. कोरडं ऊन, एकोणचाळीस अंश, वारा अजिबात नाही.

सदाशिव पेठेतल्या मुलींच्या वसतिगृहात मी अठरा वर्षं रेक्टर आहे. राहतेही तिथेच, तळमजल्यावर, एकटी. बारा नंबरच्या खोलीतल्या सृष्टी आणि स्वराली यांचं भांडण आज मिटलं नाही, तर दोघींनी उद्या वसतिगृह सोडावं, असं व्यवस्थापनाचं पत्र आलं होतं. मंगळवारपासून दोघींची परीक्षा. पत्र लिहिणाऱ्याने मुलींची तोंडंही पाहिलेली नाहीत.

तक्रार एकच, पण दोघींची एकमेकींविरुद्ध. दुपारी खोलीवर यावं तर दाराला आतून कडी. ठोठावलं की आत खुर्ची सरकते, दार उघडत नाही.

माझ्या वहीत मुलींच्या जाण्यायेण्याची मिनिटांसकट नोंद असते. ज्या चार दुपारी सृष्टी दाराबाहेर उभी राहिली, त्या चारही दुपारी स्वराली कॉलेजात होती. स्वरालीच्या तक्रारीचंही तसंच. व्यवस्थापनाने समेट घडवायला तज्ज्ञ म्हणून पाठवलेल्या नीरजाताईंपुढे मी वही ठेवली. त्यांनी ती मिटली.

"पुरावे काढले की भांडण वाढतं, मॅडम. कोण चुकलं ते आपल्याला शोधायचंच नाहीये. प्रत्येकीची गरज ऐकायची."

माझं डोकं तडकलं. पण समेटाच्या कागदावर सही त्यांचीच लागणार होती.

तीन वाजता ऑफिसात बैठक झाली.

"आत एसी लपवलायस का गं, दार उघडवत नाही ते?" सृष्टी म्हणाली.

"मी आत नव्हतेच. सिरियसली, किती वेळा सांगू?"

"मग खुर्ची काय स्वतःच फिरायला निघते?"

"फक्त आपापली गरज सांगा," नीरजाताई म्हणाल्या.

"मला माझ्याच खोलीत जाता यावं," स्वराली म्हणाली. "एवढीच आहे गरज."

कागदावर लिहिलं गेलं: यापुढे आतून कडी लावणार नाही. न लावलेल्या कडीबद्दल दोघींनी एकमेकींची माफी मागितली आणि सह्या केल्या. मी वही पुन्हा उघडली नाही. त्याचा राग अजून उतरलेला नाही.

असा कागद खोलीत दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायचा असतो. आम्ही चौघी वर गेलो. बाहेर कुलूप नव्हतं. मी दार लोटलं.

आतून कडी होती.

दोघी मुली माझ्या शेजारी उभ्या होत्या. कागद सृष्टीच्या हातात होता. दाराखालच्या फटीतून पायांवर गार हवा येत होती, आणि न वाळलेल्या कपड्यांचा वास. आत खुर्ची सरकली... थांबली... पुन्हा सरकली.

नीरजाताईंच्या तोंडून सवयीनेच निघालं, अगदी हळू, "आपली... आपली गरज काय आहे?"

मग आतून, दाराला लागूनच, एका बाईचा थकलेला, चिडलेला आवाज.

"या दोघी सारख्या भांडतात... मला शांत खोली हवी."

कडी पडली. दार हळूहळू आत गेलं. खोलीत कोणी नव्हतं. खिडकीला गज आहेत.

नीरजाताईंनी तिथेच भिंतीवर कागद धरून 'वाद मिटला' अशी सही केली आणि चार वाजून दहा मिनिटांनी त्या गेल्या.

आता साडेसहा वाजले आहेत. सृष्टी आणि स्वराली दार उघडं राहावं म्हणून बादली लावून बारा नंबरमध्ये अभ्यास करत आहेत. उद्या त्यांना कुठेही जावं लागणार नाही. खाली माझ्या खोलीला मात्र आतून कडी लागलेली आहे. मी हे जिन्यात बसून लिहीत आहे.