तेरावी ओळ

"माझ्याकडे चोरी झाली आहे," मालक म्हणाले, "आणि एकही वस्तू गेलेली नाही."

खोलीत दोघं बसली होती. एकीने वही उघडली. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढून ती खासगी तपासाकडे वळली होती आणि बारीक बघण्याच्या सवयीमुळे सगळे तिला भिंगबाई म्हणत. दुसरा तिचा थोरला भाऊ. त्याने कानामागचं यंत्र चाचपलं आणि मान डोलावली.

"हो, हो."

"काय ऐकलंस, दादा?"

"काही नाही."

मालक कसनुसे हसले. दादाच्या कानातलं यंत्र त्यांच्याच दुकानातलं होतं. श्रवणयंत्रं विकायची, साफ करायची, बॅटरी संपायच्या आत ग्राहकाला फोन करायचा, हा त्यांचा धंदा. चारशे ग्राहकांची माहिती क्लाउडवरच्या सीआरएम सिस्टिममध्ये, म्हणजे ग्राहकांच्या संगणकी नोंदवहीत होती. प्रत्येकाचं एक पान, दुकानाच्या गरजेप्रमाणे बनवून घेतलेलं.

"सोळा वर्षं फोनवर आमच्या मावशी होत्या. दोन तारखेला निवृत्त झाल्या. तीन तारखेपासून सगळं फिसकटलं. नवी मुलगी फोन करते, तर कोणी चिडतं; माणूस घरी पाठवला, तर कोणी दारच उघडत नाही. सात ग्राहक समोरच्या दुकानात गेले. मावशींना प्रत्येकाची खोड ठाऊक होती. कुठेतरी लिहून ठेवलेली असणार. ते सगळं घेऊन त्या समोरच्याला सामील झाल्या. त्या दुकानाच्या जिन्यावर त्यांना पाहिलंय."

"त्यांना विचारलंत?"

"फोनवर. म्हणाल्या, सगळं तिथेच आहे, प्रत्येकाच्या पानावर, शेवटच्या ओळीत. अहो, शेवटच्या ओळीत ई-मेल आहे! धडधडीत खोटं. आज पाच वाजता वकिलाची नोटीस जाणार. निरोपाचा कार्यक्रमसुद्धा मी रद्द केला."

"मावशी?" आता दादाला नीट ऐकू आलं होतं. "छे! साध्या बाई. जरा विसराळू, एवढंच. मला प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायच्या."

भिंगबाईंनी ते वहीत उतरवलं.

"हेही लिहितेस?" दादा म्हणाला. "उद्या माझ्या शिंका मोजशील."

दुकानात सगळ्यात आधी तंत्रज्ञ भेटला. डोळ्याला भिंग लावून तो यंत्रातला मळ काढत होता.

"माझा मेहुणा समोर कामाला आहे, म्हणून माझ्याकडे संशयाने बघू नका," विचारायच्या आधीच तो म्हणाला. "जिन्यावर मावशींना मीच पाहिलं. आमचे जुने ग्राहक, मास्तर, होते सोबत. मावशींनी त्यांचा उजवा हात धरला होता. हातात वही नाही, पिशवीसुद्धा नाही."

शेजारच्या टेबलावर डेव्हलपर बसली होती. सिस्टिममध्ये काही नवं बसवायचं, जुनं काढायचं, ते काम तिचं. तिने दादाचंच पान उघडून दाखवलं. भिंगबाईंनी पेन्सिलीने ओळी मोजल्या. बारा. शेवटची ई-मेलची.

"यात शेऱ्याची जागा आहे की. मावशी तिथे का लिहीत नसत?"

"शेरा पावतीवर छापून येतो, बाई. ग्राहकाच्या हातात जातो. तिथे कोण काय लिहिणार?"

"इतक्यात काही बदललंत?"

"साफसफाई केली. आधीच्या डेव्हलपरने अडगळ करून ठेवली होती. पेजर, टेलेक्स, फॅक्स, अशी पाच फील्ड, म्हणजे माहितीचे रकाने, काढून टाकली; त्यातली चार तर पानावर दिसतही नव्हती. उगाच नाही काढली हं, आधी मोजून पाहिलं. चारशे ग्राहकांत एकाही ठिकाणी दहा आकडी क्रमांक नव्हता. शून्य."

"कधी काढली?"

"तीन तारखेला दुपारी साडेचारला. खरं तर महिनाभर आधीच काढणार होते. पण मावशींच्या शेवटच्या दिवसांत त्यांची स्क्रीन बदलणं जिवावर आलं. काढलेलं फील्ड पंधरा दिवस कचरापेटीत राहतं, मग कायमचं जातं. तोवर कोणी ओरडलं तर परत आणता येतं. कोणीच ओरडलं नाही."

"ओरडणारी घरी गेली होती," भिंगबाई हळूच म्हणाल्या. पण त्या कशाबद्दल बोलताहेत ते कोणालाच कळलं नाही.

मावशींचं घर दोन रस्ते पलीकडे होतं. त्या खिडकीशी बसून सदऱ्याला बटण लावत होत्या. दादाला पाहून त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला.

"मालकांनी पाठवलंय ना? मी काही नेलेलं नाही. जे होतं ते शेवटच्या ओळीत आहे. तिकडे कोणी बघत नाही, म्हणून तिथे लिहायचे. आता एकदा खोटारडी म्हटल्यावर पुन्हा कशाला तोंड उघडू?"

"समोरच्या दुकानात गेला होतात?"

"मास्तर रागावून निघाले होते. त्यांना एकट्याने जिना कसा चढू द्यायचा?" त्यांनी दाताने दोरा तोडला. "बाई, माझे यजमान गेले तेव्हा याच लोकांनी मला उलट फोन केले. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांनी! त्यांची माहिती विकली तर मला सुखाची झोप लागेल का?"

रस्त्यावर आल्यावर दादाने चष्म्याच्या डबीतून घडी घातलेला कागद काढला.

"आलोच आहोत तर बॅटरीची तारीख बघतो. यंत्र घेतलं त्या दिवशी दुकानाने माझं पान छापून दिलं होतं."

भिंगबाईंनी कागद जवळजवळ हिसकावलाच. बोट एकेका ओळीवरून खाली गेलं.

"तेरा, दादा!"

"काय तेरा?"

"खालची ओळ वाच."

"फॅक्स. आणि पुढे कोरं. मला कोण फॅक्स करणार?"

"आज तारीख किती?"

"अठरा."

चारला पाच मिनिटं कमी होती. बहीण पळायला लागली. मागून दादा ओरडला, "अगं, बॅटरीचं काय?"

दुकानात शिरताच भिंगबाईंनी डेव्हलपरच्या खुर्चीची पाठ धरली.

"आधी तुमची कचरापेटी उघडा. फॅक्सचं फील्ड परत आणा. बाकी नंतर बोलू."

"पण ते तर..."

"साडेचारनंतर ते जगात कुठेच नसेल."

डेव्हलपर पडद्याकडे वळली. बोटं भराभर चालू लागली. मालक आतून नोटीस हातात घेऊनच आले.

"हा काय प्रकार आहे?"

"बसा, साहेब. तुमच्याकडे चोर कोणीच नाही. पान तुम्ही आज पाहिलंत, मावशींनी सोळा वर्षं पाहिलं. तुम्ही म्हणता शेवटची ओळ ई-मेलची, त्या म्हणतात शेवटच्या ओळीत सगळं आहे. मला दोघंही खरं बोलताना दिसले. मग बदललं होतं ते पान. पडद्यावर बारा ओळी, दादाच्या जुन्या कागदावर तेरा. तेरावी फॅक्सची."

"पण ती रिकामी होती!" डेव्हलपर म्हणाली. "मी मोजलं होतं."

"तुम्ही दहा आकडी क्रमांक मोजलेत. तेवढ्याचं उत्तर शून्य आलं, आणि ते बरोबरच होतं. तिथे दुसरं काही लिहिलंय का, हे तुम्ही विचारलंच नाहीत. शेरा पावतीवर छापला जायचा. माणूस बहिरा आहे, तिरसट आहे, हे मावशी तिथे कसं लिहिणार? म्हणून कोणी न बघणारी जागा त्यांनी शोधली. दादाच्या कागदावर ती कोरी आहे, कारण तो कागद पहिल्या दिवसाचा. तेव्हा मावशी त्याला ओळखत नव्हत्या."

"आणि ऐन तीन तारखेलाच?" मालकांनी विचारलं.

"कारण ही मुलगी भल्या मनाची आहे. मावशी जाईपर्यंत थांबली. आधी काढलं असतं, तर मावशींनी त्याच दिवशी दुकान डोक्यावर घेतलं असतं."

"आलं!" डेव्हलपर ओरडली. "थांबा, पानावर पुन्हा बसवते."

घड्याळात चार वाजून बावीस मिनिटं झाली होती.

पहिलं पान मास्तरांचं उघडलं. तेराव्या ओळीत लिहिलं होतं: *उजवीकडून बोला. डावा कान नुसता शोभेला.*

"म्हणून मावशी उजव्या हाताला होत्या," तंत्रज्ञ पुटपुटला. मालकांनी पुढचं पान मागितलं, मग त्याच्या पुढचं.

*दुपारी झोपतात, चारनंतर फोन.*

*बेल ऐकू येत नाही. खिडकीवर टकटक करा.*

*मुलाबद्दल विचारू नका. नातीबद्दल जरूर विचारा.*

मालकांनी हातातली नोटीस फाडली, तुकडे खिशात ठेवले आणि खाली बसले.

"सोळा वर्षं ग्राहक माझं कौतुक करत होते," ते म्हणाले. "मला वाटायचं, यंत्रं चांगली आहेत."

"माझं पान बघा की," दादा म्हणाला.

डेव्हलपरने उघडलं. दादाने चष्मा लावला, वाचलं, मग काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

*'हो, हो' म्हणाले की ऐकलेलं नसतं. दोनदा विचारा. चिडत नाहीत.*

"आणि मी त्यांना विसराळू म्हणत होतो," तो म्हणाला.

मालकांनी फोन लावला. उभं राहून, हात जोडल्यासारखा फोन धरून ते बराच वेळ माफी मागत राहिले. कार्यक्रम रविवारी ठरला. सातही ग्राहकांना मावशी स्वतः फोन करणार होत्या. डेव्हलपरने फील्डचं नाव बदललं. 'फॅक्स'च्या जागी आता 'मावशींची ओळ' होतं.

फोन दादाकडे आला.

"मावशी, तुमचे आभार मानायचे राहून गेले होते." मग तो ऐकत राहिला. "हो, हो," म्हणाला, थांबला आणि हसला.

"काय म्हणाल्या?" भिंगबाईंनी विचारलं.

"विचारत होत्या, रविवारी नक्की येणार ना."

"मग एवढा हसतोस काय?"

"दोनदा विचारलं गं."