काळ्या नॅनची माणसं

“वहीत नाव नाही म्हणजे तुम्ही जहाजावर नव्हता! अजून किती वेळा सांगू, बाई?”

“आणि ती वही शिधा वाटणाऱ्याची आहे, हे मी किती वेळा सांगू? ज्याला सरकारी बिस्किट, त्याचं नाव. मी नवऱ्याच्या ताटातलं खात होते. माझं नाव कोण कशाला लिहील?”

हेक्स्ट साहेबांनी हजेरीवही मिटली. मिटली कसली, आपटलीच. शेगडीवरची किटली हलली. टॅम्सिन राऊस मात्र जागची हलली नाही. एकाहत्तर वर्षांची बाई, मिलब्रुकहून पायी निघालेली, मग होडीतून धुक्यात भिजत आलेली, आणि या महिन्यातली ही तिसरी खेप. तिला खुर्ची दिली नव्हती, म्हणून ती साहेबांच्या दप्तराच्या पेटीवर बसली होती. ऊठ म्हणायची त्यांची छाती झाली नव्हती.

भांडण चाललं होतं ते ‘थेसली’वरच, तिच्या कप्तानाच्या जुन्या खोलीत. एके काळची छत्तीस तोफांची फ्रिगेट, चपळ लढाऊ जहाज. आता डोलकाठ्या काढलेल्या, शिडं नाहीत, डेकवर कौलारू छप्पर घातलेलं, डेव्हनपोर्टच्या खाडीत साखळदंडाला बांधलेली. सोमवारी तिला ओढून नेऊन फोडायचं ठरलं होतं. त्याआधी एक काम उरलं होतं. राणीने जुन्या लढायांतल्या माणसांसाठी रुप्याची पदकं काढली होती, आणि ‘थेसली’वर लढलेले जे कुणी हयात असतील त्यांचे अर्ज तपासायला समितीने हेक्स्टना इथे बसवलं होतं. आज शेवटचा दिवस.

“पदक घेऊन करणार काय तुम्ही?” हेक्स्ट जरा नरमाईने म्हणाले. “विकून चार शिलिंग येतील.”

“विकायला मागत नाही मी. त्याच्या कडेवर नाव कोरतात ना? ते पाहिजे. पन्नाशीला अक्षरं शिकले मी, साहेब. कशाला, माहीत आहे? या जहाजाबद्दल जिथे जिथे छापून येईल तिथे माझं नाव आहे का बघायला. एकवीस वर्षं वाचतेय. कप्तानाचं आहे, त्याच्या कुत्र्याचं आहे. माझं नाही.”

दाराशी उभा असलेला क्राउच खो खो हसला. तो जहाजाचा राखणदार, जुना शिपाई, एक पाय लाकडाचा. “कुत्रा चावरा होता, राऊसबाई. म्हणून लक्षात राहिला.”

“मी पण चावते, क्राउच. विचार साहेबांना.”

साहेबांना हसू आलं नाही. तिशीचा माणूस, लढाई कधी पाहिली नव्हती, म्हणून लढाईबद्दलचे नियम त्याला तोंडपाठ. “या जहाजाने काय काय केलं ते सगळं इथे लिहिलेलं आहे,” वहीवर बोट ठेवून ते म्हणाले. “त्यात बाईचा उल्लेख नाही.”

“काय लिहिलंय? मी सांगते. सतराशे अठ्ठ्याण्णव साली पाण्यात उतरली. न्यूफाउंडलंडच्या फेऱ्या केल्या. फ्रेंचांच्या ब्रेस्ट बंदराच्या तोंडाशी दोन हिवाळे उभी राहिली, इतकी की दोरांवरचा बर्फ कुऱ्हाडीने फोडला. खाजगी लुटारूंची अकरा जहाजं धरली. तुमच्या वहीत नऊ असतील. दोन बुडाली म्हणून त्यांनी मोजली नाहीत, आणि बुडवली ती आमच्या तोफेने. आणि अठराशे नऊच्या एप्रिलात उशांत बेटाच्या पश्चिमेला फ्रेंचांची ‘ला सोव्हाज’ गाठली. चाळीस तोफा त्यांच्या, छत्तीस आमच्या. दोन तास दहा मिनिटं. त्यांचा झेंडा उतरला तेव्हा माझा नवरा पाच नंबरच्या तोफेवर पालथा पडलेला होता, आणि त्याच्या जागी तिला बत्ती देणारा हात माझा होता. लिहिलंय हे?”

शेगडीतला कोळसा तडकला.

“नियम आहे,” हेक्स्ट शेवटी म्हणाले. “वहीत ज्यांची नावं आहेत अशा दोघांची साक्ष आणा.”

“दोन कशाला? सात आणते. पाच नंबरची सगळी माणसं.”

साहेबांनी वही पुन्हा उघडली, पान काढलं आणि पहिल्यांदाच मनापासून हसले. “हे बघा. सातही जणांपुढे मृत्यूची खूण आहे. तिघे त्या दिवशी, बाकीचे पुढे. शेवटचा एकतीस सालच्या पटकीत.”

“लिहिलंय खरं. पण त्यांना कुणी विचारलंय का?” टॅम्सिन उठली. “खाली चला. हजेरी घ्या. कुणी ओ दिली नाही, तर मी घरी जाईन आणि माझं तोंड तुम्हाला पुन्हा दिसणार नाही.”

हा सौदा साहेबांना फारच स्वस्त वाटला. त्यांनी वही काखेत मारली.

शिडीच्या तोंडाशी क्राउचने कंदील साहेबांच्या हातात दिला. “मी वरच थांबतो. माझा एक पाय लाकडाचा आहे आणि दुसरा शहाणा.”

दुपारचे तीन वाजले असतील, पण खालच्या मजल्यावर दिवस पोचतच नव्हता. तोफांच्या खिडक्या बाहेरून फळ्या ठोकून बंद केलेल्या. फटींतून धुकं आत यायचं आणि कंदिलापाशी येऊन थांबायचं. तोफा कधीच नेल्या होत्या. लाकडावर त्यांच्या चाकांचे चर तेवढे उरले होते, आणि भिंतीला गंजलेल्या कड्या. ओल, डांबर, उंदरांची घाण. पाणी बाहेरून बुडाला चाटत होतं… थांबत होतं… पुन्हा चाटत होतं.

टॅम्सिन वाकून चालत गेली. छत इतकं खाली होतं. डाव्या अंगाच्या पाचव्या खिडकीशी तिने भिंतीवर तळहात ठेवला, जसा आपण गोठ्यातल्या गाईच्या पाठीवर ठेवतो तसा. “ही काळी नॅन. आमची तोफ.”

हेक्स्टनी घसा खाकरला आणि कचेरीतल्या आवाजात सुरुवात केली. “जेबेझ राऊस. डिगरी कोड. पास्को नॅन्स. सायलस वेनिंग…”

सातही नावं झाली. पाण्याने बूड चाटलं. बाकी काही नाही.

“झालं समाधान?”

“असं नसतं, साहेब. तुम्ही थडग्यांवरची नावं वाचताय. आधी तोफेला हाक मारायची. तिच्या नावाने तिची माणसं येतात. तोफेचा नाईक सगळ्यांत शेवटी. आणि बूट काढा.”

“बूट?”

“तोफेच्या दारूची ने-आण चालते तिथे खिळ्यांचा बूट चालत नाही. एका ठिणगीत सगळे जाऊ.” तिने स्वतःचे काढले, नाड्या बांधून हातात धरले. साहेबांनी काढले नसते, पण ती ज्या नजरेने बघत उभी राहिली, ती नजर पुढे कितीतरी दिवस त्यांना आठवत राहिली. त्यांनी काढले. एका पायमोज्याला भोक होतं.

“हं. आता मोठ्याने. ‘पाच नंबर, काळी नॅन, जागेवर!’”

हेक्स्ट तसं ओरडले. स्वतःचा आवाज त्यांना परका वाटला. वाराबिरा काही नव्हता, तरी कंदिलाची ज्योत आडवी झाली.

“डिगरी कोड.”

“…हजर.”

आवाज घोगरा होता, धूर गिळल्यासारखा. लांबून आला नाही. खिडकीच्या उजव्या बाजूने आला, दोन हातांवरून.

“क्राउच! ही थट्टा…” पण त्याच वेळी डोक्यावर, वरच्या डेकवर, लाकडी पाय टक टक करत पलीकडे निघून गेला.

“थांबू नका,” टॅम्सिन हळूच म्हणाली. “अर्ध्यावर सोडलेली हजेरी त्यांना आवडत नाही.”

“पास्को… नॅन्स.”

“हजर.”

“सायलस वेनिंग.”

हा आवाज खालून आला, लाकडाला टेकलेल्या तोंडातून यावा तसा. तिसऱ्या माऱ्यात सायलस तिथेच पडला होता. टॅम्सिनने पाय जरा बाजूला घेतला, त्याला लागू नये म्हणून.

“एझ्रा टोल.” हजर. “झॅकी युरेन.” हजर. वाचायचं थांबावं असं साहेबांना वाटत होतं, पण जीभ आपली पुढच्या ओळीवर जातच होती. “होझिया ब्लाइट.” हा तर जहाजावर मेलाच नव्हता. पटकीने, किनाऱ्यावर, खाटेवर मेला होता. तोही आला. खोकत आला. हवेत आता शिरक्याचा वास होता, डेक धुतात त्याचा, आणि त्याच्या मागून दुसरा, तोफेला बत्ती देतात त्या जळत्या जामगीचा.

“जेबेझ राऊस,” साहेब पुटपुटले.

बराच वेळ काही झालं नाही. टॅम्सिनचा श्वास अडकलेला त्यांना ऐकू आला. एवढ्या वेळात पहिल्यांदा ही बाई घाबरली होती. तो आला नाही तर काय, या एकाच गोष्टीला.

“हजर,” अंधार म्हणाला. भारदस्त, सावकाश, जराशी थट्टा असलेला आवाज. “पाच नंबर हजर. तोफ रिकामी आहे… बारूद कुठे राहिलं?”

मग पावलं वाजली. अनवाणी. ती तळमजल्यावरून आली, दारूकोठीकडून, शिडीच्या पायऱ्या दोन-दोन करत. हलकी, तरण्या बाईची पावलं. ओला परकर पायांवर फटफट आपटत होता आणि धाप लागलेली स्पष्ट ऐकू येत होती. ती साहेबांच्या अगदी जवळून गेली. ओलं, जाड लोकरी कापड त्यांच्या हातावरून घासलं.

“आली बघा टॅम्सिन!” जेबेझ म्हणाला, आणि सात माणसं हसली.

हेक्स्टनी मान वळवली. टॅम्सिन त्यांच्या डावीकडे होती, तिथेच, बूट हातात, खांद्याला खांदा. ती पाऊलभरही हलली नव्हती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

चाकं घरघरली. जिथे तोफ नव्हती तिथून काहीतरी फार जड पुढे सरकलं. तोफ सुटल्याचा आवाज असा झालाच नाही. पण पायांखालची लाकडं उसळली, छतातून चाळीस वर्षांची धूळ खाली आली, आणि पाचव्या खिडकीवर लोखंडी खिळ्यांनी ठोकलेली फळी बाहेर उडून गेली. करडा उजेड आत घुसला. साहेबांचे कान गच्च बसले. त्या बहिरेपणाच्या पलीकडून त्यांना जयजयकार ऐकू येत होता, एकदा, दोनदा, तीनदा, आणि त्यात एक म्हातारा बायकी आवाज सगळ्यांच्या वर चढलेला होता.

वर आल्यावर क्राउचने सांगितलं की त्याला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. फक्त एक फळी खाडीत तरंगताना दिसली.

हेक्स्ट खुर्चीत बसले. दौत ओढली आणि अर्जाच्या कोऱ्या ओळीवर लिहिलं: टॅम्सिन राऊस, पाच नंबरची तोफ. अक्षर वाकडं आलं, पण आलं. तिने ते वाचलं. बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवत वाचलं. मग पुन्हा वाचलं. एखाद्या सरदाराने किल्ला घ्यावा तशी ती ताठ झाली.

साहेब रुमालाने हाताची मागची बाजू पुसत होते. जिथे कापड घासलं होतं तिथे दारूचा काळा पट्टा उठला होता. थुंकी लावली, पाणी लावलं, निघेना.

“ते सात मेलेले होते, एवढं समजलं मला,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “पण ती… धावत आली ती कोण होती? तुम्ही तर माझ्याजवळ होता. तुम्ही जिवंत आहात, बाई!”

टॅम्सिन बुटाच्या नाड्या बांधत होती. “ती इथेच राहून गेली, हे मलाही आजच कळलं,” ती म्हणाली. यापुढे त्यावर ती कधीच काही बोलली नाही.

“पण याचा उपयोग नाही!” हेक्स्ट एकदम उसळले. भीती ओसरली की नियम परत येतात. “साक्षीदार म्हणून मी कुणाची नावं घालू? समिती मेलेल्यांची साक्ष धरत नाही. लंडनमध्ये तुमचं नाव एका रेघेत खोडतील!”

“खोडू देत तर खरं!”

“अहो, मी त्यांना सांगू काय?”

टॅम्सिन दारात थांबली. खालून, बंद शिडीच्या पोटातून, चाकांची घरघर पुन्हा वर येत होती. कुणीतरी तोफ मागे ओढून परत भरत होतं. क्राउचने टोपी काढून छातीशी धरली. साहेबांचा काळा झालेला हात कागदावर तसाच राहिला. म्हातारीने शाल खांद्यावर नीट घेतली आणि मागे वळून म्हणाली,

“तुमच्या समितीला इकडेच पाठवा, साहेब, मी माझ्या माणसांना अजून सुट्टी दिलेली नाही.”