सकाळचीच करकर

तोच घाट, तीच गाडी, तीच वळणं. मग ती करकर सकाळीच का ऐकू येत होती?

स्पृहा भुयार या प्रश्नाने चार दिवस हैराण झाली होती. सकाळी गाडी चार्जरवरून काढून थेट घाट उतरायला लागलं, की पुढच्या चाकांतून दात खाल्ल्यासारखा आवाज यायचा. दुपारी पठारावरच्या गावांत फिरून, मग तोच घाट उतरलं, तर गाडी जवळजवळ गप्प!

"दव पडतं ना सकाळी, त्यामुळे असेल," बाबा म्हणाले होते. पण परवा दव नव्हतं, तरी आवाज होताच. बाबांच्या चेहऱ्यावरून स्पृहाला कळलं, की त्यांचाही स्वतःच्या उत्तरावर विश्वास नाही.

बाबा, म्हणजे भुयार सर, चिखलदऱ्याच्या पठारावर एका निवासी शाळेत मराठी शिकवत. दिवाळीच्या सुटीमुळे शाळेचं आवार ओस पडलं होतं. तिथे उरले होते फक्त सर, स्पृहा आणि तिची आई. आईचे दिवस भरत आले होते आणि बाळंतपण घाटाखाली परतवाड्याला व्हायचं होतं. स्पृहाच्या मनात एकच विचार घोळत होता. ऐन वेळी घाटात ब्रेक लागलाच नाही तर?

शेवटी तिने अश्लेषामावशीला फोन लावला. आईची ही धाकटी बहीण चंद्रावरच्या तळावर सहा चाकी गाड्यांची देखभाल करायची. तिच्याशी बोलताना धीर धरावा लागे. शब्द प्रकाशाच्या वेगाने गेले, तरी चंद्रावर जाऊन उत्तर यायला अडीच सेकंद लागत.

स्पृहाने सगळं सांगितलं आणि वाट पाहिली.

"गाडी चार्ज कधी करता?" मावशीचा प्रश्न आला.

"रात्रभर. सकाळी बॅटरी पूर्ण भरलेली असते."

"आता सांग, घाटाच्या माथ्यावर गाडी उंचावर असते. खाली येताना ती उंचीची ऊर्जा कुठे जाते?"

स्पृहा विचारात पडली. "वेगात?"

"बरोबर. पण वेग तर तुम्ही वाढू देत नाही. मग ती ऊर्जा कुठेतरी जायला हवी. ऊर्जा नाहीशी होत नाही, फक्त रूप बदलते. तुमच्या गाडीत तिला दोन वाटा आहेत. पहिली वाट मोटरची. विजेने मोटर चाक फिरवते. पण उतारावर चाकच मोटरला फिरवतं आणि मोटर जनित्र (फिरवलं की वीज तयार करणारं यंत्र) बनते. ती वीज बॅटरीत जाते आणि गाडीचा वेग आवरला जातो."

"आणि दुसरी वाट?"

"घर्षणाची. चाकाबरोबर एक पोलादी चकती फिरते. कॅलिपर (चकतीला दोन्ही बाजूंनी धरणारा चिमटा) तिच्यावर ब्रेक पॅड दाबतो. पॅड घासतात, तापतात आणि ती ऊर्जा उष्णता होऊन हवेत जाते. आता तूच सांग, सकाळी काय होतं?"

स्पृहाच्या डोळ्यांसमोर गच्चीवरची पाण्याची टाकी आली. भरलेल्या टाकीत आणखी पाणी सोडलं तर ते बाहेरच सांडणार.

"सकाळी बॅटरीत जागाच नसते!" ती ओरडली. "म्हणून सगळा भार पॅडवर येतो! आणि दुपारी फिरून आल्यावर जागा झालेली असते!"

अडीच सेकंदांनी मावशीचं हसणं ऐकू आलं. मग तिचा आवाज गंभीर झाला. "ती करकर म्हणजे इशारा आहे, स्पृहा. पॅडवर मुद्दाम एक पत्र्याची जीभ बसवलेली असते. पॅड झिजला, की ती चकतीला लागून ओरडते. भाऊजींना सांग, हे पॅड बदलल्याशिवाय गाडी घाटात घालायची नाही. आणि आजपासून बॅटरी पाऊणच भरा."

आता खरी पंचाईत झाली. गॅरेज होतं घाटाखाली. तिथे जायचं तर झिजलेल्या ब्रेकवर घाट उतरायला हवा! बाबांनी गॅरेजमध्ये फोन करून गाडीचं मॉडेल सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रोनने नवे पॅड आणून अंगणात ठेवले. बाबा खोक्याकडे बघत नुसते उभे राहिले. आयुष्यात त्यांनी कधी चाक उघडलं नव्हतं.

"मी सांगते तसं करा, भाऊजी," मावशीचा आवाज फोनमधून आला. "घाई मात्र करू नका."

अंगण फाटकाकडे उतरतं होतं, म्हणून गाडी शाळेच्या सपाट पटांगणात नेली. हँडब्रेक ओढला. गाडी सरकू नये म्हणून स्पृहाने मागच्या चाकांना दगडांची उटी लावली. गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट सैल केले, मग जॅकने पुढची बाजू उचलून खाली मजबूत स्टँड दिला.

"जॅकवर कधीच विसंबायचं नाही," मावशी म्हणाली. "आणि गाडीखाली कुणीही डोकं घालू नका."

चाक निघालं. आतली चकती चकाकत होती. बाबांनी कॅलिपर सोडवला आणि स्पृहाने तो तारेने वर टांगला, कारण तो लोंबकळला तर ब्रेकच्या तेलाच्या नळीला ताण बसतो. जुने पॅड हातात घेऊन तिच्या अंगावर काटा आला. त्यांवर घासणारा थर पापडाएवढाच उरला होता.

नवे पॅड मात्र चांगले जाड होते. ते बसेनात.

"पिस्टन (तेलाच्या दाबाने पुढे सरकणारा दट्ट्या) हळूहळू मागे ढकला," मावशीने सांगितलं. "जुना पॅड झिजत गेला तसा तो पुढे आलाय. त्याला मागे सारलं की जागा होईल."

बाबांनी शिकंजा (स्क्रू फिरवून आवळायचा लोखंडी चाप) आवळत पिस्टन आत ढकलला. नवे पॅड बसले. एक चाक झालं, तेव्हा बाबांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

"मला आता तळाबाहेर कामाला जायचंय," मावशी म्हणाली. "दुसरं चाक असंच करा. पण गाडी हलवण्याआधी मला विचारा. विसरू नका."

दुसऱ्या चाकाचा शेवटचा नट आवळत असताना आई दारात आली. एका हाताने तिने चौकट धरली होती.

"अहो, कळा सुरू झाल्यात."

बाबांनी रुग्णवाहिकेला फोन केला. ती दुसऱ्या पेशंटला घेऊन कधीच खाली गेली होती आणि परत वर यायला वेळ लागणार होता. स्पृहाने मावशीला फोन लावला, पुन्हा लावला. पलीकडून नुसती शांतता. बाबांनी स्टँड आणि जॅक काढले, आईला मागच्या सीटवर बसवलं, चाकांची उटी काढली, स्टिअरिंगसमोर बसून ब्रेकवर पाय दिला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"स्पृहा! ब्रेक तळालाच गेला! माझ्या हातून काहीतरी मोडलं!"

आईने डोळे मिटून घेतले.

"बाबा, हँडब्रेक सोडू नका! थांबा, मला विचार करू द्या."

तिने पुढच्या चाकाकडे पाहिलं. तेल पिस्टनला ढकलतं, पिस्टन पॅडला ढकलतो. पण पिस्टन कुठे आहे? आपणच तर त्याला मागे सारलं! तो अजून मागेच आहे, पॅडपासून लांब. एकदा दाबलेला ब्रेक तेवढं अंतर भरण्यातच संपतो. म्हणजे काही मोडलेलं नाही. पिस्टनला फक्त पुढे आणायचंय.

"बाबा, पुन्हा दाबा. पुन्हा पुन्हा, सावकाश."

बाबांनी दाबला. पाय खाली गेला. पुन्हा दाबला.

"थोडा वर लागतोय," ते पुटपुटले. आणखी दाबला, सोडला, दाबला. "कडक झाला! स्पृहा, कडक झाला!"

तरीही स्पृहाने त्यांना लगेच निघू दिलं नाही. ब्रेकच्या तेलाची पातळी पाहिली, चाकांखाली कुठे ओल नाही ना ते पाहिलं, पटांगणात गाडी माणसाच्या चालीने पुढे न्यायला लावून दोनदा थांबवायला लावली. मगच ती आईशेजारी बसली आणि तिचा हात हातात घेतला.

घाट सुरू झाला. स्पृहाची नजर समोरच्या पडद्यावर खिळली होती. काल मावशीच्या सांगण्यावरून बॅटरी पाऊणच भरली होती. पहिल्या वळणानंतर बॅटरीच्या टक्क्यांचा आकडा एकाने वाढला. काही वळणांनी आणखी एकाने. उंचीची ऊर्जा बॅटरीत उतरत होती, पॅड निवांत होते.

एका वळणापलीकडे रानगव्यांचा कळप रस्ता ओलांडत होता. बाबांनी ब्रेक जोरात दाबला. गाडी पुढे झुकली आणि थांबली. करकर नाही, घसरणं नाही. गवे शांतपणे जंगलात उतरून गेले.

"लागला," बाबा एवढंच म्हणाले. आईने स्पृहाचा हात घट्ट दाबला.

दिवस मावळायच्या आत स्पृहाला भाऊ झाला.

काही दिवसांनी बाळाला घेऊन सगळे घाट चढत होते. या वेळी पडद्यावरचा आकडा भराभर खाली येत होता. समोरून संत्र्यांनी भरलेला, विजेवर चालणारा एक जड ट्रक उतरत आला आणि आवाज न करता शेजारून गेला. स्पृहा मागे वळून तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली.

"बाबा, तो उतरताना वीज बनवतोय आणि आपण चढताना ती खर्च करतोय. त्याच्याकडची जास्तीची वीज रस्त्यातूनच आपल्याला मिळाली तर?"

"असं होऊ शकतं?" बाबांनी विचारलं. "मावशीला विचार की."

"विचारीन," स्पृहा म्हणाली. "पण आधी मला दोन छोट्या मोटरी आणि एक दिवा आणून द्या. एक मोटर फिरवून दुसरी चालते का, दिवा लागतो का, ते करून बघते."