कोटाचा गोल तुकडा

स्वयंपाकघरामागच्या खोलीत माझं वर्कशॉप. एक मोटर, एक टेबल, उजेडाला खिडकी. पंपात बसणाऱ्या कार्बाइडच्या चकत्या मी आरशासारख्या करून देतो. हा धातू इतका हट्टी की कानस त्याच्यावरून नुसती घसरते. त्याला खाते फक्त हिऱ्याची पेस्ट. आधी जाड, मग बारीक, शेवटी नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं चाक. काम झालं का, ते बघायची माझी पद्धत सोपी. चकतीसमोर पेपर धरायचा. आतली उलटी बातमी बारीक अक्षरांसकट वाचता आली की पास.

नमदा संपला आणि दुकान बंद. बायकोचा जुना लोकरीचा कोट खुंटीला लटकत होता. मागून, खालून, एक गोल तुकडा कापला नि चाकावर चिकटवला.

"अहो, कोटाला भोक कसलं?"

"उंदीर."

"इतकं गोल?"

"कंपास घेऊन आला होता."

तिने ओला टॉवेल फेकून मारला.

लोकर झकास चालली. संध्याकाळी चहा देताना तिच्या मनगटाकडे लक्ष गेलं. कुकरने भाजल्याचा जुना डाग नव्हता.

"कुठलं क्रीम लावतेस? माझ्या टकलालाही दे की."

"तुमच्या टकलाला क्रीम नको, झाकण हवं."

दुसऱ्या दिवशी तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. त्या सगळ्या माझ्याच नावावरच्या, म्हणून मी हसतच चाक फिरवत राहिलो.

मग तिचा फोन तिचा अंगठा ओळखेना. ती पुसतेय, फुंकतेय, पुन्हा दाबतेय. मी तिचा हात खिडकीशी नेला. अंगठ्यावर एकही रेष नव्हती. आणि तो गार होता, चकती असते तसा.

मी धावत जाऊन मोटर बंद केली. तुकडा खरवडून काढला, कोटाला परत शिवला. सुई माझ्याच बोटात घुसत होती.

त्याच दुपारी तिच्या हनुवटीवरचा तीळ गेला.

आता एकच सुचत होतं. चकतीवर ओरखडा पाडायचा. एक तरी. कानस घासली, हातोडा घातला, शेवटी जाड पेस्ट थापून जीव खाऊन रगडलं. परवा हीच पेस्ट हीच चकती खात होती. आज लोण्यासारखी घसरली. माझ्या तळहाताची सालटी निघाली. चकती आणखीच चमकली.

"अगं, तो उंदीर मीच होतो," मी म्हणालो. रडकुंडीलाच आलो होतो.

"माहितीये. उंदराच्या हाताला पेस्टचा वास येत नाही."

ती हसली. गालाला नेहमीची खळी पडली नाही.

"मला काय होतंय हो?"

"काही नाही. थांब. मी करतो काहीतरी."

सकाळी ती खिडकीत पेपर घेऊन बसली. मी समोर, मांडीवर चकती, हातात कानस.

"बातम्या वाचून दाखवू?" तिने विचारलं.

मी नको म्हणालो.

पेपर तिच्याकडे तोंड करून होता. मला तो तिच्या गालावर दिसत होता. उलटा. बारीक अक्षरांसकट.