गेणूकाकांचे हात

"मी काय पतंग होते?" अनसूयाबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि आभासपट बनवणाऱ्या डॉ. निखत तांबोळींकडे रोखून पाहिलं.

चष्म्यातल्या आभासपटात बहात्तर वर्षांपूर्वीची दुपार उभी होती. धरण फुटलेलं, गाव पाण्याखाली, शाळेच्या कौलांवर चौदा मुलं. त्यांतल्या सात वर्षांच्या अनसूयाबाई उतरत्या कौलावर चक्क अधांतरी लटकल्या होत्या. शेजारी नुसतं धुकं.

"मला गेणूकाकांनी धरलं होतं. शाळेचे शिपाई. ते कुठायत?"

"आजी, दोन साक्षीदारांनी स्वतंत्रपणे एकच गोष्ट सांगितली असेल तेवढीच यंत्र दाखवतं," निखत नरमाईने म्हणाल्या. "एकट्याच्या आठवणीवर सोडलं, तर उरलेलं ते मनाने रंगवेल, आणि मुलं त्यालाच इतिहास समजतील. तुमच्यासोबत कौलांवर असलेल्या बाबू कासारांनी अकरा तास साक्ष दिली, पण शिपायांचा उल्लेख नाही."

त्या चौदांपैकी साक्ष द्यायला दोघंच उरले होते, आणि बाबू गेल्या वर्षी वारला होता. गेणूकाका तर त्याच दिवशी, शेवटचं मूल होडीत चढवून वाहून गेले होते. मागे ना बायको, ना मूल. आजची चाचणी झाली की आभासपटावर मान्यतेची मोहोर लागणार आणि तो राज्यभरच्या शाळांत जाणार. गेणूकाका नसलेला. अनसूयाबाईंना भरून आलं, आणि आपल्याला भरून आलं याचा रागही आला.

चाचणीसाठी आलेली सहावीची मुलं चष्मे लावून आभासपटातल्या कौलांवर चढली; अनसूयाबाईंनीही चष्मा डोळ्यांवर ओढला. पाणी पाहून मुलं आधी मागे सरली, मग बाबूच्या साक्षीप्रतिमेभोवती कोंडाळं करून बसली. ही प्रतिमा बाबूच्याच शब्दांत उत्तरं देई.

"काका, तुम्ही वर काय खाल्लंत?" एका मुलीने विचारलं.

बाबूची प्रतिमा साक्षीत उत्तर शोधू लागली. निखतच्या कपाळाला आठ्या पडल्या. पाणी किती चढलं, कोण गेलं, मदत केव्हा आली, हे सगळं त्यांच्या चमूने खोदखोदून विचारलं होतं. खाण्याचं विचारायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मुलाखतीआधी चहा पिताना बाबू जे बोलला, ते तर त्यांनी फुटकळ गप्पा म्हणून साक्षीतून वगळलं होतं. ते मुद्रण फक्त प्रतिमेला त्याचं हसू जमावं एवढ्यापुरतं ठेवलं होतं. यंत्र आता तिथे शिरलं.

"गूळ-शेंगदाणे," बाबू खदखदून हसला. "गेणूकाका एका हाताने वाटत होते. दुसऱ्या हाताने कुंभाराची अनशी धरलेली. घट्ट. ती रडतेय, पण हे सोडतायत कसले."

"दिसायला कसे होते?"

"तोंडाकडे बघतंय कोण? आमचा सगळ्यांचा डोळा त्यांच्या मुठीवर."

धुकं हललं. त्यातून दोन हात बाहेर आले, मनगटापर्यंतच. एक गूळ-शेंगदाण्यांनी भरलेला, दुसरा छोट्या अनसूयेचा दंड धरलेला. पुढे पुन्हा धुकं. गूळ-शेंगदाण्यांसाठी मुलांनी रांग लावली.

"चेहऱ्याला दुजोरा नाही मिळाला," निखत ओशाळून म्हणाल्या. "तुमच्या साक्षीत मात्र मिशा आहेत, टोपी आहे."

"त्या मिशा मीच लावल्या असतील हो. दरवर्षी सांगताना जरा वाढवल्या," अनसूयाबाई हसत म्हणाल्या. त्यांनी स्पर्श जाणवून देणारा स्पर्शमोजा चढवला, मुलांना बाजूला सारलं आणि छोट्या अनसूयेच्या जागी उभं राहून आपला सुरकुतलेला हात त्या पकडीत दिला. तो आवळला गेला.

त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

"लावा मोहोर," त्या म्हणाल्या. "हेच ते."